दहा पावलांवरचा राजा

चीनच्या शांडोंग प्रांतात वू लियांग नावाच्या एका विद्वानाचे स्मृतिमंदिर आहे. इ. स. १५१मध्ये मृत्यू पावलेल्या या गृहस्थाच्या स्मरणार्थ उभारलेल्या या छोट्या वास्तूच्या दगडी भिंतींवर प्राचीन चिनी इतिहासातील अनेक प्रसंग कोरलेले आहेत. त्यांपैकी एक प्रसंग पाहणाऱ्याला थबकायला लावतो. मधोमध एक खांब. त्या खांबात आरपार घुसलेला खंजीर. खांबाच्या एका बाजूला जिवाच्या आकांताने पळणारा राजा, दुसऱ्या बाजूला पहारेकऱ्याने कमरेला मिठी मारून रोखलेला मारेकरी. हवेत राजाच्या झग्याची फाटलेली बाही, जमिनीवर भीतीने लोळण घेतलेला मारेकऱ्याचा साथीदार, आणि एक पेटी. त्या पेटीत एक मुंडके आहे. चित्रपटाची चौकट गोठवून ठेवावी तसे हे दृश्य आहे. चित्रपटाचा शोध लागण्यापूर्वी जवळजवळ साडेसतराशे वर्षे ते कुणा अनाम शिल्पकाराने कोरून ठेवले.

तो राजा म्हणजे छिन राज्याचा अधिपती यिंग झंग, पुढे ज्याने स्वतःला चीनचा 'पहिला सम्राट' म्हणवून घेतले तो. मारेकऱ्याचे नाव जिंग के. आणि ही घटना इ. स. पूर्व २२७मधली. चिनी चित्रपटसृष्टीने प्राचीन इतिहासावर चित्रपट काढले ते शेकड्यांनी. परंतु एकाच प्रसंगाभोवती अवघ्या सहा वर्षांत तीन मोठे दिग्दर्शक घुटमळावेत, असे क्वचितच घडले आहे. झोऊ शियाओवेन यांचा 'द एम्परर्स शॅडो' (१९९६), चेन कायगे यांचा 'द एम्परर अँड द असॅसिन' (१९९८) आणि झांग यिमो यांचा 'हीरो' (२००२) हे ते तीन चित्रपट. भव्य सेट, हजारोंचे सैन्य, तलवारींचे खणखणाट एवढ्यापुरतेच ते पाहिले, तर करमणूक निश्चित होते. पण ते एकापुढे एक ठेवून पाहिले, की एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. राजा वाचला, हा इतिहास कोणालाच बदलता येत नाही. तो का वाचला, याचे उत्तर मात्र दर वेळी बदलत गेले आहे.

मूळ कथा आधी सांगायला हवी, कारण या चित्रपटांच्या चिनी प्रेक्षकाला ती लहानपणापासून ठाऊक असते आणि आपल्याला नसते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात चीन नावाचे एकसंध राज्य अस्तित्वातच नव्हते. सात मोठी राज्ये परस्परांशी झुंजत होती, म्हणूनच या कालखंडाला 'युद्धरत राज्यांचा काळ' म्हणतात. त्यांतील पश्चिमेचे छिन राज्य सर्वांत शिस्तबद्ध आणि सर्वांत निष्ठुर. इ. स. पूर्व २४६मध्ये यिंग झंग तेराव्या वर्षी गादीवर आला आणि इ. स. पूर्व २३०पासून एकेक शेजारी गिळंकृत करू लागला. आधी हान, मग झाओ. पुढचा घास आपला, हे उत्तरेकडील यान राज्याच्या युवराज दानला स्वच्छ दिसत होते. लढून टिकाव लागणार नव्हता. तेव्हा त्याने जिंग केला गाठले.

राजाच्या जवळ पोहोचायचे तर त्याला हवीहवीशी वाटेल अशी भेट हवी. छिनचा फान यूछी नावाचा एक सेनापती पळून यानच्या आश्रयाला आला होता आणि त्याच्या शिरासाठी राजाने मोठे इनाम लावले होते. जिंग के त्याला भेटला, बेत सांगितला आणि सेनापतीने स्वतःच्या हाताने आपला गळा कापून घेतला. ती पहिली भेट. दुसरी भेट म्हणजे यानच्या सुपीक प्रदेशाचा गुंडाळलेला नकाशा. त्याच्या अगदी आतल्या वळणात विषाचे पाणी दिलेला खंजीर दडवलेला होता. दरबारात नकाशा उलगडत गेला, खंजीर दिसला, जिंग केने राजाची बाही धरली, बाही फाटली. राजाने तलवार उपसायचा प्रयत्न केला, पण ती इतकी लांब होती की म्यानातून बाहेरच येईना. मग खांबाभोवती तो विलक्षण पाठलाग सुरू झाला. दरबाऱ्यांना शस्त्र बाळगायची परवानगी नव्हती. सशस्त्र सैनिक पायऱ्यांखाली उभे होते, पण हुकमाशिवाय वर यायची त्यांना मुभा नव्हती आणि हुकूम द्यायचे भान राजाला नव्हते. आपल्या जिवाच्या भीतीने ज्याने सारे नियम घडवले, त्याचाच जीव त्या नियमांनी टांगणीला लावला. अखेर शिया वूज्यू नावाच्या राजवैद्याने हातातली औषधांची पोतडी मारेकऱ्यावर फेकली. कोणीतरी ओरडले, तलवार पाठीवर घ्या. राजाने ती पाठीकडे सरकवली, उपसली आणि जिंग केची मांडी तोडली. जखमी मारेकऱ्याने फेकलेला खंजीर खांबात रुतला.

हे सारे आपल्याला कळते ते सिमा छियान या इतिहासकारामुळे. घटनेनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेल्या 'शिजी' या त्याच्या इतिहासग्रंथात मारेकऱ्यांची चरित्रे सांगणारे एक स्वतंत्र प्रकरण आहे. राजे, सेनापती, मंत्री यांच्या बरोबरीने खुनी माणसांनाही इतिहासात जागा देणारा हा लेखक स्वतः सत्तेचा मार खाल्लेला होता. पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून हान वंशाच्या सम्राटाने त्याला खच्चीकरणाची शिक्षा दिली; आत्महत्या करून अप्रतिष्ठा टाळण्याऐवजी ग्रंथ पुरा करण्यासाठी तो जगला. जिंग केची हकिकत त्या राजवैद्याच्या परिचयातील माणसांकडून आपल्याकडे आली, असे तो नमूद करतो. पोतडीसारखा तपशील तेथूनच आला असावा.

बेत का फसला, याविषयी सिमा छियानकडे दोन उत्तरे आहेत. मरतामरता जिंग केने सांगितले, की राजाला जिवंत पकडून त्याच्याकडून जिंकलेला मुलूख परत करण्याचे वचन घ्यायचे होते, म्हणून संधी हुकली. आणि ही बातमी ऐकल्यावर एका जुन्या तलवारबाजाने हळहळत म्हटले, की या माणसाने तलवारीची विद्या नीट आत्मसात केली नव्हती. थोडक्यात, हात चुकला. इच्छेत कोठेही खोट नव्हती. हे ध्यानात ठेवले, की पुढच्या दोन हजार वर्षांत काय बदलले ते समजते.

कारण तोवर यिंग झंगचे काय करायचे, हा प्रश्न चीनला सतत छळत राहिला. इ. स. पूर्व २२१मध्ये त्याने उरलेली सर्व राज्ये जिंकली. लिपी एक केली, वजने-मापे एक केली, नाणी एक केली, गाड्यांच्या चाकांमधील अंतरसुद्धा ठरवून दिले. उत्तरेकडील जुन्या तटबंद्या जोडून एक लांबलचक भिंत उभारली. चीन हे नाव आपल्या भाषांत 'छिन'वरूनच आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या बाजूला इ. स. पूर्व २१३मध्ये त्याने ग्रंथ जाळायला लावले आणि पुढच्याच वर्षी चारशे साठांवर विद्वानांना जिवंत पुरले, असे परंपरा सांगते. कन्फ्यूशियसच्या अनुयायांनी लिहिलेल्या इतिहासात तो अर्थातच राक्षस ठरला. भारतीय वाचकाला कालखंडाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर यिंग झंगचा जन्म इ. स. पूर्व २५९चा, त्या वेळी पाटलिपुत्राच्या गादीवर अशोक होता आणि कलिंगचे युद्ध होऊन जेमतेम दोन-तीन वर्षे लोटली होती. एक सम्राट आपला पश्चात्ताप दगडांवर कोरवून घेत होता. दुसऱ्यानेही पुढे दगडांवर लेख कोरवले, पण त्यांत पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

विसाव्या शतकात या राक्षसाला नवा वकील मिळाला. माओ त्से तुंग यांना पहिल्या सम्राटाशी होणारी आपली तुलना टोचत नसे. १९५८मध्ये पक्षाच्या बैठकीत बोलताना त्यांनी सम्राटाने पुरलेल्या चारशे साठ विद्वानांच्या शंभरपट संख्येचा अभिमानाने उल्लेख केला होता. १९७० नंतरच्या वर्षांत माओंचे एकेकाळचे वारस लिन बियाओ यांच्या गोटातील गुप्त मसुद्यात माओंना आजचा छिन सम्राट म्हणून हिणवले गेले, तेव्हा उत्तरादाखल देशभर कन्फ्यूशियसविरोधी मोहीम सुरू झाली आणि यिंग झंग हा पुरोगामी राज्यकर्ता असल्याचे लेखामागून लेख छापून येऊ लागले. योगायोग असा, की याच मोहिमेच्या ऐन भरात, मार्च १९७४मध्ये, शिआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला भाजक्या मातीचे सैनिक लागले. सम्राटाची मृत्तिकासेना जगासमोर आली. अभ्यासकांच्या अंदाजाने तिच्यात सुमारे आठ हजार पुतळे असावेत. दोन वर्षांनी, एप्रिल १९७६मध्ये, तियानआनमेन चौकात जमलेल्या शोकाकुल गर्दीने लावलेल्या कवितांत छिन सम्राटाचे युग सरल्याची भाषा होती. ती कोणत्या सम्राटाविषयी होती, हे कोणालाही सांगावे लागले नाही.

चेन कायगे आणि झांग यिमो यांचे तारुण्य नेमक्या या वातावरणात गेले. चेन यांचे वडील चित्रपट दिग्दर्शक. सांस्कृतिक क्रांतीत किशोरवयीन चेनने जाहीर सभेत वडिलांचा धिक्कार केला. ही सल त्यांनी स्वतःच पुढे आठवणींत लिहून ठेवली आहे. झांग यांचे वडील चँग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सैन्यात अधिकारी होते. त्या पापाबद्दल मुलाला आधी शेतात आणि मग सात वर्षे एका सूतगिरणीत राबावे लागले. ती गिरणी होती शियानयांग येथे. शियानयांग म्हणजे छिन राज्याची प्राचीन राजधानी. यिंग झंगच्या दरबारापासून काही मैलांवर सूत कातणारा हा मजूर पुढे त्या दरबाराचा सर्वांत देखणा चित्रकार व्हावा, हे एखाद्या पटकथेत लिहिले असते तर खोटे वाटले असते. १९७८मध्ये पुन्हा उघडलेल्या बीजिंग चित्रपट अकादमीत दोघेही दाखल झाले. चेन यांचा 'यलो अर्थ' (१९८४) झांग यांनीच चित्रित केला. १९९०च्या सुमारास तर झांग स्वतः मृत्तिकासेनेतील एका सैनिकाच्या भूमिकेत हाँगकाँगच्या 'अ टेराकोटा वॉरियर' या अद्भुतरम्य चित्रपटात चमकले होते. नायिका होती गाँग ली आणि दिग्दर्शक होते चिंग सिउ-तुंग. हेच चिंग पुढे 'हीरो'च्या साहसदृश्यांचे शिल्पकार ठरले.

तिघांत पहिला आला तो झोऊ शियाओवेन यांचा चित्रपट, आणि तो आज सर्वांत कमी पाहिला जातो ही खेदाची बाब आहे. झोऊ यांनी जिंग केला मध्यभागी ठेवलेच नाही. सिमा छियानच्या कथेला एक पुरवणी आहे. जिंग केचा जिवलग मित्र गाओ जियानली हा काठीने तारा छेडून वाजवायच्या 'झू' या वाद्याचा निष्णात वादक. सम्राटाने त्याला ओळखले, पण कलेच्या मोहाने मारले नाही; त्याला आंधळे केले आणि दरबारात ठेवून घेतले. एके दिवशी गाओने वाद्यात शिसे भरले आणि ते सम्राटाच्या दिशेने फेकले. नेम चुकला. झोऊ यांनी या दोघांना एकाच स्त्रीचे दूध प्यालेले बालमित्र केले. जियांग वेन यांचा राजा जग जिंकायला निघाला आहे, पण त्याला गे यो यांच्या गाओकडून आपल्या साम्राज्याचे गीत हवे आहे. सैन्याने देश मिळतो. लोकांची मने मिळवायला संगीत लागते, हे या राजाला कळते. कलावंत त्याच्या दरबारी बंदी आहे, त्याचा द्वेष करतो, त्याच्यावर मायाही करतो, आणि अखेर गीत रचतोसुद्धा. राजा आणि कलावंत यांच्यातील ही ओढाताण कोणत्या काळाची, हे दिग्दर्शक उघड सांगत नाही. सांगायची गरजही नाही.

चेन कायगे यांचा चित्रपट सुमारे पावणेतीन तासांचा, संथ आणि जड आहे. काही समीक्षकांना तो पेलला नाही. मला विचाराल तर तिघांत इतिहासाच्या अंगाने सर्वांत समाधान देणारा तोच आहे. चेन यांनी एक काल्पनिक स्त्री निर्माण केली: राजाची बालमैत्रीण, झाओ राज्यातील युवती. ही भूमिका गाँग ली यांची. शांततेसाठी साऱ्या राज्यांचे एकीकरण हे राजाचे स्वप्न तिला पटते, इतके की यानवर स्वारी करायला निमित्त मिळावे म्हणून ती स्वतःच्या चेहऱ्यावर गुन्हेगाराचा डाग उमटवून घेते आणि मारेकरी शोधायला यान राज्यात जाते. म्हणजे येथे खुनाचा कट मुळात राजाच्याच सोयीचा. पण राजा झाओ जिंकतो, तेथील मुलांचाही बळी जातो, आणि मग ती खरोखरच मारेकऱ्याच्या बाजूची होते. झांग फंगयी यांचा जिंग के हा खून करून करून विटलेला माणूस आहे. आपल्या हातून अनाथ झालेल्या एका आंधळ्या मुलीच्या मृत्यूने तो शस्त्र टाकून बसलेला आहे. राजावर तो चालून जातो ते पैशासाठी नव्हे आणि यानसाठीही नव्हे.

ली श्वेजियान यांनी उभा केलेला राजा मात्र विसरता येत नाही. हा राजा देखणा नाही, रुबाबदार नाही. लहान मुलासारखा हसतो, चिडतो, भेदरतो. आपण नक्की कोणाचे पुत्र, या संशयाने तो पोखरलेला आहे. त्याचा प्रधान ल्यू बुवेई हाच त्याचा खरा पिता, अशी कुजबुज सिमा छियानच्या ग्रंथातही आहे, जरी आजचे अनेक इतिहासकार ती शत्रूंनी पसरवलेली कंडी मानतात. चित्रपटात हा प्रधान मुलाच्या राज्याला डाग लागू नये म्हणून मरण पत्करतो. ही भूमिका स्वतः चेन कायगे यांनी केली आहे. वडिलांचा जाहीर धिक्कार केलेल्या मुलाने, मुलाच्या सत्तेसाठी नाहीशा होणाऱ्या बापाची भूमिका स्वतःकडे घ्यावी, यावर वेगळे भाष्य करायला नको. अखेरच्या झटापटीत राजा वाचतो, पण घामाघूम आणि एकटा. एवढ्या मोठ्या दरबारात कोणी मदतीला धावले नाही, ही त्याची तक्रार आहे.

या चित्रपटासाठी झेजियांग प्रांतातील हंगदियान येथे छिन राजवाड्याचा प्रचंड सेट उभारला गेला. १९९६मध्ये शिए जिन यांच्या 'द ओपियम वॉर'साठी तेथे जुन्या शहराचा एक रस्ता बांधला गेला होता. आधी रस्ता, मग राजवाडा आणि मग आणखी वाडे, बाजार, देवळे असे करत हंगदियान जगातील अवाढव्य चित्रनगऱ्यांपैकी एक बनले. चेन यांच्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनासाठी तू ज्यूहुआ यांना १९९९च्या कान महोत्सवात तांत्रिक पारितोषिक मिळाले. चार वर्षांनी त्याच राजवाड्याच्या पायऱ्या 'हीरो'चा नायक चढला.

'हीरो' आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला असेल, निदान त्यातील पिवळ्या पानांचे द्वंद्व तरी. झांग यिमो यांनी जिंग केचे नावच पुसून टाकले. जेट ली यांचा नायक 'अनामिक' आहे. तीन नामांकित मारेकऱ्यांना ठार केल्याचा दावा करीत तो राजासमोर येतो. पूर्वीच्या हल्ल्यानंतर या राजाजवळ शंभर पावलांच्या आत कोणी येऊ शकत नाही. प्रत्येक मारेकऱ्याच्या मृत्यूची कथा सांगितली की अनामिकाला पुढे सरकायला मिळते, आणि अखेरीस तो दहा पावलांवर येऊन बसतो. दहा पावलांवरून त्याचा वार चुकत नाही. एकच हकिकत तीन-चार प्रकारे सांगितली जाते. लाल, निळा, पांढरा, हिरवा असा प्रत्येक कथनाचा रंग वेगळा, आणि दरबाराचा रंग काळा. हा काळा मात्र दिग्दर्शकाच्या लहरीतून आलेला नाही. सिमा छियानच्या म्हणण्यानुसार छिन राजवटीने पंचतत्त्वांपैकी जल हे आपले तत्त्व मानले होते आणि त्याचा रंग काळा. छायालेखक क्रिस्टोफर डॉइल, वेशभूषाकार एमी वादा, संगीतकार तान दुन, अभिनेत्री मॅगी च्युंग, टोनी लेउंग, झांग झियी अशी फौज आणि सुमारे तीन कोटी डॉलर खर्च. चीनमध्ये या चित्रपटाने तोपर्यंतचे उत्पन्नाचे विक्रम मोडले. अमेरिकेत तो ऑगस्ट २००४मध्ये आला आणि पहिल्याच आठवड्यात तिकीटखिडकीवर अव्वल ठरला.

आणि अनामिक वार करत नाही. राजा आपली तलवार त्याच्यासमोर टाकतो, पाठ फिरवतो, आणि अनामिक मूठ टेकवून थांबतो. कारण 'तुटकी तलवार' नावाच्या मारेकऱ्याने त्याला वाळूत दोन अक्षरे लिहून दाखवली आहेत: 'तियान' म्हणजे आकाश, 'शिया' म्हणजे खाली. आभाळाखालचे सारे. आपला 'आसेतुहिमाचल' हा शब्द भव्य असला तरी त्याला दोन टोके आहेत. तियानशियाला टोकच नाही. या साऱ्याला शांतता लाभायची असेल तर सात राज्यांची रोजची कत्तल थांबली पाहिजे आणि ती थांबवू शकणारा एकच माणूस आहे, म्हणून त्याला जगू द्यायचे. अमेरिकी प्रेक्षकांसाठी उपशीर्षकांत या शब्दाचे भाषांतर 'आपला देश' अशा अर्थाने केले गेले. अर्थ आटोपशीर झाला खरा, पण त्यातील अमर्यादपण गेले. चित्रपटाबद्दल अस्वस्थ करणारी जी गोष्ट आहे, ती नेमकी त्या अमर्यादपणात आहे.

सिमा छियानपासून हा प्रवास किती दूर आला पाहा. तेथे हात चुकला होता. येथे हात अचूक आहे आणि मनच बदलले आहे. हुकूमशहाला मारण्याची ताकद असताना त्याला सोडून देणे हेच शौर्य, असे 'हीरो' सांगतो. म्हणूनच देशोदेशींच्या समीक्षकांनी, आणि चीनमधीलही अनेकांनी, त्यावर सत्तेपुढे लोटांगण घातल्याचा आरोप केला. झांग यांनी आपल्याला राजकारण सांगायचे नव्हते, असाच पवित्रा घेतला. आरोप करणाऱ्यांना झांग यांचा पूर्वेतिहास आठवत होता: ज्यांचा 'टू लिव्ह' (१९९४) चीनमध्ये दाखवू दिला गेला नाही, तेच झांग. 'हीरो'चा पहिला खेळ डिसेंबर २००२मध्ये बीजिंगच्या 'ग्रेट हॉल ऑफ द पीपल'मध्ये, म्हणजे चिनी संसदेच्या सभागृहात, झाला. पुढे २००८च्या बीजिंग ऑलिंपिकचा उद्‌घाटन सोहळा झांग यांच्याकडेच आला, तेव्हा टीकाकारांना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. मात्र एक तपशील ते सहसा विसरतात. चेन कायगे यांच्या चित्रपटाचा पहिला खेळही, १९९८मध्ये, त्याच सभागृहात झाला होता. त्या पडद्यावरचा राजा मुलांना मारणारा आणि खांबाआड लपणारा होता.

शिवाय 'हीरो'चा शेवट नीट पाहावा. अनामिकाला राजा सोडू इच्छितो. दरबारी एका सुरात शिक्षेची मागणी करतात, कारण कायदा राजालाही मोडता येत नाही. काळ्या लाटेसारखे बाण सुटतात. नंतर दिसतो तो बाणांनी पूर्ण झाकलेला दरवाजा आणि त्यात माणसाच्या आकाराएवढी रिकामी जागा. ज्याने राजाचा जीव वाचवला त्याला ही राजवट दहा क्षणही जगू देत नाही. हे दृश्य लोटांगण घालणाऱ्या दिग्दर्शकाचे वाटत नाही. पण त्यानंतर लगेच येणाऱ्या, एकीकरण आणि भिंत यांची थोरवी सांगणाऱ्या अक्षरांचा दिग्दर्शकही तोच आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे मान्य करण्याखेरीज गत्यंतर नाही.

ऐतिहासिक चित्रपट म्हटला की 'हे असेच होते का', हा प्रश्न आपल्याकडे पहिला येतो, तेव्हा त्याबद्दलही थोडे. मृत्तिकासेनेमुळे छिनकालीन चिलखते, केशरचना, रथ यांची माहिती हाताशी आली आणि या चित्रपटांनी ती मनापासून वापरली. कळ दाबून बाण सोडण्याच्या धनुष्यांचे कांस्य भाग उत्खननात सापडले आहेत. सुमारे नव्वद सेंटिमीटर लांबीच्या कांस्य तलवारीही मिळाल्या. त्या पाहिल्या की राजाला तलवार उपसता आली नाही, ही गोष्ट अगदी पटते. 'हीरो'मध्ये 'तलवार' हे अक्षर लिहिण्याच्या एकोणीस तऱ्हा आहेत आणि राजा त्या रद्द करून एकच ठेवणार म्हणतो. आकडा कथाकाराचा असला तरी प्रत्येक राज्याची लेखनपद्धती वेगळी होती आणि छिनने ती एकसारखी केली, हे खरे आहे. उलट मृत्तिकासेनेतील घोड्यांना खोगीर आहे, रिकीब नाही. पडद्यावरच्या प्राचीन स्वारांच्या पायांत मात्र ती सर्रास दिसते. पाण्यावरून धावणारे योद्धे हे अर्थात वूशिया कथांचे, म्हणजे चिनी वीरकथांच्या परंपरेचे लेणे. त्याला इतिहास समजण्याची चूक चिनी प्रेक्षक करीत नाही.

राजा अजून निवृत्त झालेला नाही. २००५च्या 'द मिथ'मध्ये जॅकी चॅन छिनचा सेनापती झाला. मल्लिका शेरावत आणि हंपीतील चित्रीकरण यांमुळे आपल्याकडे त्याची चर्चा झाली, बाकी लक्षात राहण्याजोगे त्यात फार नव्हते. जपानमध्ये यासुहिसा हारा यांच्या 'किंग्डम' या २००६पासून चालू असलेल्या चित्रमालिकेने तरुण यिंग झंगला युद्धे संपवू पाहणारा आदर्शवादी नायक केले आणि २०१९पासून तिच्यावर चित्रपट निघू लागले. चीनमध्ये डिसेंबर २०२०मध्ये 'दा छिन फू' ही खर्चिक दूरचित्रवाणी मालिका आली, तेव्हा मात्र तेथील प्रेक्षकांनीच तिला धारेवर धरले. जुलमी राजवटीला एवढे उजळून का दाखवता, असा त्यांचा प्रश्न होता.

हे चित्रपट पाहायचे असतील, तर आधी चेन कायगे आणि नंतर झांग यिमो हा क्रम ठेवावा. 'हीरो' आधी पाहिला की त्याच्या रंगांपुढे दुसरा चित्रपट मातकट वाटतो आणि तो अन्याय होतो. झोऊ यांचा चित्रपट मिळेल तेव्हा पाहावा. आणि तिन्ही पाहून झाल्यावर सिमा छियानच्या प्रकरणातील एक नोंद आठवावी. आंधळ्या वादकाने फेकलेल्या वाद्याचा नेम चुकला, वादकाला मारण्यात आले. आणि त्यानंतर सम्राटाने, जिंकलेल्या राज्यांतील एकाही माणसाला हयातभर आपल्या जवळ येऊ दिले नाही.